धाकट्याने मला ओळखले नाही

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे, पण हातात धरून बघावे असे माझ्यात काही नाही. मला रंग नाही, वजन नाही, गंजही चढत नाही. मी एक ठसा आहे. बोटाचा नव्हे, जमिनीचा. एका डोंगराच्या उतारावर गवताचा एक चौकोन होता, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. त्या चौकोनाचे एक अख्खे वर्ष माझ्यात साठवलेले आहे, आणि तेही फक्त चौसष्ट आकड्यांत. विश्वास बसत नाही ना? पण पुढे मी जे पाहिले त्याच्यासमोर हे काहीच नाही. अजूनही ते आठवले की माझे सगळे आकडे शहारतात.

माझा जन्म कसा झाला ते आधी सांगतो. आकाशातून उपग्रह फिरत असतात हे तुम्हाला माहीत आहे. ते त्या गवतावरून वर्षभर पुन्हा पुन्हा गेले. कधी गवत हिरवेगार होते, कधी वाळलेले, कधी मध्येच ढग आडवे आले. काही उपग्रह उजेडात बघतात, तर काही ढगांतूनसुद्धा चाचपून बघतात. ही सगळी चित्रे एका मॉडेलच्या पुढ्यात पडली. मॉडेल म्हणजे चित्रे बघून बघून शहाणा झालेला संगणकातला प्रोग्राम. त्याने ती चित्रे आटवली, आणखी आटवली, आणि शेवटी जो अर्क उरला तो मी. 'एम्बेडिंग' हे माझे शाळेतले नाव. घरी मला ठसा म्हणतात आणि मी त्याच नावाला ओ देतो.

जमिनीच्या प्रत्येक चौकोनाचा असा ठसा निघतो आणि दर वर्षी नवा निघतो. म्हणजे माझ्याच गवताचा पुढच्या वर्षीचा ठसा हा माझा धाकटा भाऊ. जमीन बदलली नसेल तर दोघे भाऊ अगदी एकाच तोंडवळ्याचे असतात. आम्हाला घडवणाऱ्यांनी आम्हाला कुलपात ठेवले नाही. एका खुल्या कोठारात सगळ्यांना मांडून ठेवले. ज्याला हवे त्याने न्यावे आणि वापरावे, कुणाला विचारायला नको.

मला तिथून एका गावाच्या नगरपालिकेत आणले ते नकाशे काढणाऱ्या नकाशेताईने. जन्ममृत्यूच्या दाखल्यांची खिडकी ओलांडून जिना चढला की उजव्या हाताला नकाशा विभाग होता. तिथे प्लास्टिकच्या बादलीत नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या असत, आणि पंखा असा हलत असे की त्याच्या खाली कुणी बसत नसे. नकाशेताई खिडकीपाशी बसायची. तिच्या समोर एक सहकारी होता. तो एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर बाळगायचा, म्हणून सगळे त्याला चष्मेच म्हणत. आणि काचेच्या दाराआड साहेब.

साहेबांनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे? नुसते आकडे? यातला झाडांचा आकडा कोणता?"

"तसं नसतं, साहेब," नकाशेताई म्हणाली. "एकट्या आकड्याला काही अर्थ नाही. सगळे मिळून एक दिशा दाखवतात. दोन ठशांची दिशा जुळली की त्या दोन जागा एकमेकींसारख्या."

"म्हणजे यांना विचारायचं नाही, यांची फक्त एकमेकांशी तुलना करायची?"

"हो."

"सासरच्या माणसांसारखं झालं हे," साहेब म्हणाले आणि आत गेले.

पण पुढच्या काही महिन्यांत त्यांनीच तोंडात बोट घातले. नकाशेताईने नकाशावर काही तळी दाखवून संगणकाला म्हटले, अशीच आणखी शोध. आम्ही ठसे भराभर रांगेत उभे राहिलो आणि गावाभोवतीची तळी पुढे आली. त्यांच्याबरोबर रोपवाटिकेची प्लास्टिकची छपरेही तळी म्हणून आली, तेव्हा चष्मे म्हणाला, "चला, टॉवेल घेऊन पोहायला जाऊ." नकाशेताईने मग छपरांचेही थोडे नमुने दिले आणि ती चूक सुधारली. जे काम पूर्वी गावभर फिरून वर्षभरात होत नसे, ते चहा निवायच्या आत होऊ लागले. पाहुणे आले की साहेब आम्हाला दाखवायचे, जणू आम्ही त्यांचीच मुले. मी तर फुशारून गेलो होतो.

कौतुक फार दिवस टिकत नाही. पुढे कामे वाढली, माणसे दुसऱ्या गडबडीत पडली आणि आम्हाला 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये ढकलले गेले. तिथे आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हते.

आता त्या विभागाची एक खोड सांगतो, कारण सगळे रामायण तिथूनच घडले. खुल्या कोठारात प्रत्येक ठशाच्या नावाला एक लांब शेपटी असते. ठसा कोणत्या वर्षाचा आणि मॉडेलच्या कोणत्या आवृत्तीने काढला हे त्या शेपटीत लिहिलेले असते. साहेबांना लांब नावांचा भारी कंटाळा. "मला एवढं वाचायला वेळ नाही. नाव एकच ठेवा, अंतिम!" त्यामुळे त्या कचेरीत प्रत्येक फाईल अंतिम होती. त्यानंतरची 'अंतिम नवीन', तिच्यानंतरची 'अंतिम नवीन खरे', आणि एक तर 'खरोखर अंतिम' होती, जिच्यानंतर आणखी तीन निघाल्या. आम्हाला आणले त्याच दिवशी नकाशेताईने आमची शेपटी कापून आम्हाला 'अंतिम' केले होते.

डोंगराच्या पायथ्याशी बैठ्या घरांची एक ओळ होती. त्या ओळीत नकाशेताईची आत्या राहायची. नकाशेताईची आई ती लहान असतानाच गेली आणि तिला आत्यानेच वाढवले. आत्या लोकांचे कपडे शिवायची, आणि बोलायची ते सुईच्या टोकासारखे. पावसाळा तोंडावर आला तेव्हा वरून हुकूम आला की उतारावर वर्षभरात कुठे काही बदलले आहे का ते बघा. नकाशेताईने आम्हाला 'जुने'तून बाहेर काढले आणि कोठारातून आमचे धाकटे भाऊ आणले. त्यांचीही शेपटी कापली. ते झाले 'अंतिम नवीन'.

मित्रांनो, मी किती आतुर झालो होतो ते काय सांगू! आपलाच भाऊ पहिल्यांदा दिसणार. तो समोर आला आणि मी त्याच्याकडे पाहिले. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. जमिनीच्या ठशाने असे म्हणावे हे तुम्हाला गमतीचे वाटेल, पण मला त्या वेळी मुळीच गंमत वाटली नाही. माझे चौसष्ट आकडे, त्याचेही चौसष्ट, पण एकाचीही ओळख पटेना. मी हाक मारली तर तो आ वासून माझ्याकडे बघत राहिला. शेजारच्या चौकोनाचेही तेच. त्याच्या शेजारच्याचेही तेच. ज्याला त्याला आपला भाऊ परका झाला होता.

पडद्यावर अख्खा उतार लालभडक झाला. लाल म्हणजे बदललेला. नकाशेताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. साहेब धावत आले.

"सगळा डोंगर? अगं, सगळा डोंगर बदललाय?"

"आकडे तरी तसंच म्हणतायत, साहेब."

"मग वाट कसली बघतेस! पायथा रिकामा करा!"

तासाभरात गल्लीत भोंगे वाजू लागले. म्हातारी माणसे, गाद्या, पाळण्यातली बाळे, पिंजऱ्यातला पोपट, सगळे शाळेच्या सभागृहात येऊन पडले. आत्याने शिलाई मशीन मागे ठेवायला साफ नकार दिला. दोघांनी ते उचलून आणले आणि आत्या मागून ओरडत होती, "चाक सांभाळा, माणसं काय, पडली तर उठतात!" डोंगराकडे बघून सगळ्यांची पाचावर धारण बसली होती.

आणि डोंगर? तो जागचा हललाही नाही. ऊन पडले, गुरे चरली, संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. लोक आधी कुजबुजले आणि मग उघड हसू लागले.

चूक सापडली ती चष्मेमुळे. नकाशा फक्त उताराएवढाच कापलेला होता, कारण काम तेवढेच होते. चष्मे सहज म्हणाला, "जरा नकाशा मोठा कर की. माझं घर बघू." नकाशेताईने मोठा केला. चष्मेचे घर लाल होते.

"हे कसं शक्य आहे? गेली पाच वर्षं मी साधा रंग दिलेला नाही. बायको रोज ऐकवते."

मैदान लाल होते. तलाव लाल होता. ती दोघे ज्या छपराखाली बसली होती ते नगरपालिकेचे छप्परही लाल होते. नकाशेताईने कपाळावर हात मारला आणि खुल्या कोठारात जाऊन आमच्या कापलेल्या शेपट्या शोधल्या. आम्ही मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीचे होतो. 'अंतिम नवीन' मात्र दुसऱ्या आवृत्तीचे होते. आकडे तेवढेच असतात, पण प्रत्येक आवृत्तीची भाषा वेगळी. डोंगर बदललाच नव्हता, भावांची भाषा बदलली होती. दोन भाषांतल्या ठशांची तुलना केली की सगळे जग परके दिसणारच.

लोक घरी परतले. आत्याने जाताना सभागृहाच्या दारात सगळ्यांसमोर नकाशेताईला थांबवले.

"काय गं, तुझ्या त्या आकड्यांनी माझं घरसुद्धा हललेलं दाखवलं का? हललं असेल, हो. मशीन बाहेर काढताना चौकटीचा टवकाच उडाला."

सगळे खो खो हसले. नकाशेताई मान खाली घालून उभी राहिली. मला तिची फार कीव आली, आणि मित्रांनो, लाजही वाटली. मी काही चूक केली नव्हती, पण तो लाल रंग आमच्याच नावावर होता.

तिने हार मानली नाही. कोठारात धाकट्या भावांच्या वर्षाचे पहिल्या आवृत्तीतले ठसेही ठेवलेले होते. तिने ते आणले आणि या वेळी शेपटीला हातही लावला नाही. आम्हाला पुन्हा समोरासमोर उभे केले. आणि काय आश्चर्य! सगळीकडे भावाभावांच्या गळाभेटी सुरू झाल्या. तलाव तलावाला भेटला, मैदान मैदानाला, चष्मेचे रंग न दिलेले घर त्याच घराला. लाल रंग भराभर ओसरला. मी हात पसरून माझ्या भावाची वाट बघत होतो.

तो आला. या वेळी आमची भाषा एकच होती आणि त्याचा शब्द न् शब्द मला कळत होता. म्हणून तर मला जास्त धक्का बसला. त्याच्यात गवत नव्हते. हिरवे होणे नव्हते, वाळणे नव्हते. सगळे वर्ष एकसारखे, उघडे आणि रखरखीत. मी म्हटले, अरे, आपले गवत कुठे आहे? त्याला गवत म्हणजे काय हेच माहीत नव्हते.

पडद्यावर सगळा डोंगर शांत होता आणि आत्याच्या ओळीच्या बरोबर वर एकच छोटा लाल डाग उरला होता. त्या डागाच्या मधोमध मी होतो.

"पुन्हा?" साहेब ओरडले. "आता कुणाला हलवा म्हणालो तर लोक मलाच हलवतील!"

"साहेब, या वेळी बाकी सगळं जागेवर आहे. एवढंच ठिकाण बदललंय."

"काय बदललंय पण?"

"ते ठसा सांगत नाही. बदललंय एवढंच सांगतो."

साहेबांनी लाल डागावर बोट ठेवले. मग म्हणाले, "मग इथं बसून काय करतेस? जा आणि बघून ये."

ती आणि चष्मे त्याच दुपारी डोंगर चढले. मी लॅपटॉपमध्ये, तिच्या पाठीवरच्या पिशवीत होतो. पाऊस सुरू झाला होता. खालून बघितले की उतारावर झाडांचा दाट पट्टा दिसे आणि त्याच्यामागचे काही दिसत नसे. त्या पट्ट्यातून बाहेर आल्यावर दोघेही जागच्या जागी थिजले. समोर दगडमातीचा ढीग होता. ढीग कसला, दुसरा डोंगरच! पलीकडच्या बाजूला नव्या रस्त्यासाठी बोगदा खणत होते आणि त्यातून निघालेला सगळा राडारोडा इथे आणून ओतला होता. एक डंपर तेव्हाही मागे मागे येत होता.

"अहो, इथं कशाला टाकताय?" नकाशेताई किंचाळली. "खाली माणसं राहतात!"

चालकाने खिडकीतून डोके काढले. "खाली? खाली तर झाडं आहेत ना?"

त्याने खरेच कधी झाडांच्या पलीकडे पाहिले नव्हते. खालच्यांनी कधी झाडांच्या वर पाहिले नव्हते. ढिगाच्या पायथ्यातून करडे पाणी पाझरत होते आणि त्याच्याबरोबर बारीक चिखल उताराने निघाला होता. ज्या गवताचा मी ठसा, ते त्या सगळ्याच्या तळाशी गाडले गेले होते. मला तेव्हा काय वाटले ते सांगायला चौसष्ट आकडे पुरत नाहीत.

नकाशेताईने तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेबांनी डंपर थांबवले आणि शाळेचे सभागृह पुन्हा उघडायला सांगितले. "पण लोक ऐकणार नाहीत," ते म्हणाले. "काल हसत घरी गेलेत." नकाशेताई धावतच उतरली आणि तशीच आत्याच्या दारात शिरली.

आत्या मशीनवर एक बाही जोडत होती. तिने मान वर केली नाही.

"आलीस? आज कोणता डोंगर हलला?"

"आत्या, चल. खरंच चल. वर बोगद्याची माती टाकलीय, ढीगच्या ढीग."

"परवा सगळा डोंगर येणार होता, आज ढीग येणार. उद्या काय, टोपलीभर येईल का?"

"परवा माझी चूक झाली. आज मी डोळ्यांनी बघून आलेय."

"तुझ्या डोळ्यांवर त्या आकड्यांची पट्टी आहे, बाळा. मी नाही येत. मशीन एकदा उचललं, पुन्हा नाही."

नकाशा दाखवून उपयोग नव्हता. नकाशावर तर आत्याचा राग होता. ती मटकन खाली बसली. तेव्हा आत्याने तिच्याकडे पाहिले आणि ती खेकसली, "अगं, बूट! आत्ताच फरशी पुसलीय मी! बघ काय घाण केलीस!"

बोलता बोलता आत्या थांबली. वाकून तिने फरशीवरचा चिखल बोटाने उचलला. बोटांत चोळला. दारापाशी नेऊन उजेडात धरला.

"हा कुठला चिखल?"

"आपल्या डोंगरावरचा."

"आपल्या डोंगराची माती तांबडी आहे. चाळीस वर्षं मी ती कपड्यांवरून घासतेय. ही तर राखेसारखी आहे." तिने छताकडे पाहिले. "ही आपल्या डोक्यावर आहे?"

"हो, आत्या. तुझ्या बरोबर डोक्यावर."

मग तिने जुन्या वर्तमानपत्रावर तो चिखल खरवडून घेतला आणि भिजत गल्लीत गेली. प्रत्येक दार ठोठावून तिने तो लोकांच्या नाकासमोर धरला. "बघा. हा आपला आहे का? मग आपल्या डोंगरावर कसा आला?" जे लोक नकाशावर हसले होते ते त्या चिखलाकडे बघून हसले नाहीत. कुणी पाळणा उचलला, कुणी पिंजरा. आत्याचे मशीन मात्र या वेळी तिनेच मागे ठेवले. "चाक गेलं तर गेलं," ती म्हणाली.

पाऊस लागून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशेताई कचेरीत होती आणि जमिनीतून एक लांब घरघर ऐकू आली. बादलीतल्या नकाशांच्या गुंडाळ्या आडव्या पडल्या. थोड्या वेळाने चष्मे जिन्यावरून धापा टाकत आला. त्याच्याकडे त्या वेळी एकही चष्मा नव्हता.

"गेली. ती सगळी ओळ गेली."

"माणसं?"

"माणसं शाळेत आहेत. आत्या डोकी मोजतेय. तिसऱ्यांदा मोजतेय, कुणाचंच ऐकत नाही."

नकाशेताई टेबलावर डोके टेकून रडली.

पुढच्या वर्षी नवे ठसे आले. नकाशेताईने आत्याच्या घराच्या चौकोनावर बोट ठेवले आणि संगणकाला विचारले, असे आणखी कुठे आहे? संगणकाने सगळ्या परिसरातून पहिला क्रमांक लावला तो माझ्या नव्या धाकट्या भावाचा. मी हबकून बघत राहिलो. एक होते घर, एक होते गवत. आता दोन्हींवर तीच करडी माती होती, दोघांत तसूभरही फरक नव्हता. तिने पडदा मिटला.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल आणि आमच्यासारखे ठसे तुमच्या हाती येतील. आम्ही खुले आहोत, जरूर न्या. पण आमची शेपटी कापू नका. आम्ही कोणत्या वर्षाचे, कोणत्या आवृत्तीचे, ते नीट जपून ठेवा. कुणाला 'अंतिम' म्हणून मोकळे होऊ नका. आम्ही परके दिसलो तर आधी आमची भाषा तपासा. आणि आम्ही खरोखरच बदललो असलो तर खुर्चीत बसून राहू नका, बूट घाला आणि त्या जागी जा.

कारण एक गोष्ट आठवली की मी अजूनही सुन्न होतो. त्या दुपारी माती आली तेव्हा घरे रिकामी होती. ती भरलेली असती तरी माझ्या भावंडांत तेच आकडे उमटले असते, एकही वेगळा नाही.